गर्भाशयातली गाठ ६.२ सेंमी, फिगो ३. आधी गाठ काढू की आधी चान्स घेऊ?

कोरेगावची_बाई

नमस्कार. दोन महिने इथलं नुसतं वाचतेय, आज लिहायचं धाडस करते. लांबण लागली तर सांभाळून घ्या, मास्तरणीला थोडक्यात सांगता येत नाही.

वय ३३. लग्नाला चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं आम्हीच थांबलो होतो, माझी बदली आणि ह्यांच्या महावितरणातल्या पाळ्या यांचा मेळ बसत नव्हता म्हणून. पुढच्या दोन वर्षांत थांबलेलो नाही, तरी दिवस राहिले नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, दुसरीचा वर्ग. माझी पाळी पूर्वी चार दिवसांत उरकायची, आता आठ-नऊ दिवस चालते. दुसऱ्या दिवशी तर परिपाठाला बदललेलं पॅड मधल्या सुट्टीपर्यंत टिकत नाही. रक्ताच्या गाठी पडतात त्या वेगळ्याच. मी सगळ्या फिकट साड्या बहिणीला देऊन टाकल्या.

जानेवारीत तालुक्याला प्रशिक्षण होतं. चार तास बसून उठले तर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर डाग. शेजारच्या बाईंनी काही न बोलता स्वतःची ओढणी माझ्या कमरेला बांधली आणि बाटलीतलं पाणी खुर्चीवर ओतलं. त्या दिवशी घरी न जाता थेट लॅबमध्ये गेले. हिमोग्लोबिन ७.४.

सोनोग्राफीत निघालं: गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत फायब्रॉईड, ६.२ बाय ५.८ सेंमी, शिवाय दोन बारक्या, दीड आणि एक सेंमीच्या. नंतर एमआरआय केला, त्यात मोठ्या गाठीपुढे ‘फिगो टाइप ३’ असं लिहिलंय. त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की आपण अडाणी ठरू असं वाटतं बघा, मुलांना मात्र रोज सांगते की शंका विचारा.

आता खरी गंमत. साताऱ्याच्या मॅडम म्हणाल्या, दुर्बिणीतून गाठ काढून टाकू, सहा महिने थांबा, मग चान्स घ्या, बाळंतपण मात्र सिझरच. पुण्याचे सर म्हणाले, गाठ पोकळीत शिरलेली नाही, तिला हात कशाला लावता, वय वाढतंय, आधी प्रयत्न करा. तिसरे डॉक्टर ओळखीतून भेटले. त्यांनी एम्बोलायझेशन सांगितलं. गाठीची रक्तवाहिनी आतून बंद करायची, टाका नाही, दोन दिवसांत घरी. मी विचारलं, “आणि बाळाचं?” तर म्हणाले, “होतात की.” आणि मोबाइलकडे बघायला लागले.

सासूबाईंनी वाईच्या वैद्यांकडून कांचनार गुग्गुळ आणलाय, तो चालू आहे. त्या मनानं चांगल्या आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मावशी म्हणते, एकदा बाळंतपण झालं की गाठी जिरतात. पण बाळंतपण व्हायला आधी दिवस राहायला नकोत का?

तुमच्यापैकी कुणी गाठ काढून, न काढता किंवा ते एम्बोलायझेशन करून आई झालं असेल तर आपापलं नेमकं सांगा. “सगळं चांगलं होईल” असं लिहू नका, ते माझी आई रोज फोनवर सांगते.

---

वर्धेची_मावशी

पोरी, माह्यं सांगतो. माही गाठ ५ सेंमीची होती, पण पिशवीच्या बाहेरच्या अंगानं. पाळीचा काई त्रास नवता, सोनोग्राफीत अशीच सापडली. डॉक्टरीणबाई म्हणे, इले राहू द्या. दिवस राह्यले.

पाचव्या महिन्यात एका बाजूनं असं दुखाले लागलं का मले वाटलं लेकरू गेलं. रातच्या रात सेवाग्रामले नेलं. गाठ मोठी होते, तिले रक्त पुरत नाई, मंग ते आतल्या आत मरते आन् दुखते. रेड डीजनरेशन म्हणतात त्याले. तीन दिवस सलाईन, पॅरासिटामॉल आन् पडून राहणं, दुसरं काई नाई. गरोदरपणात गाठ काढत नसतात, लय रक्त जाते. लेकराले काई झालं नाई. साध्या बाळंतपणानं झालं, २ किलो ९०० ग्रॅम. दीड वर्षानं पाह्यलं तं गाठ ३ वर आली होती. तुह्या मावशीचं साफ खोटं नाई.

पण माही गाठ बाहेरची आन् तुही आतल्या बाजूची. माह्यं पाहून तू ठरवू नको.

---

ओटी_सिस्टर_सोलापूर

बाई, मी डॉक्टर नाही. २७ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली, आता रिटायर आहे. तेवढ्यापुरतं ऐका.

फिगो म्हणजे गाठ कुठं बसलीय त्याचा नंबर. ०, १ आणि २ या पोकळीत डोकावणाऱ्या. ० तर देठावर पोकळीत लोंबकळणारी. ३ म्हणजे सगळी भिंतीत, पण आतल्या अस्तराला टेकलेली. ४ म्हणजे भिंतीच्या मधोमध, अस्तराला न टेकलेली. ५ आणि ६ बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, ७ बाहेर देठावर. वर्धेच्या मावशींची ५-६ मधली असणार.

आता तुम्हाला वेगवेगळे सल्ले का मिळाले ते बघा. ०, १, २ असती तर वादच नव्हता. त्या दिवस राहण्याच्या आड येतात, म्हणून खालच्या वाटेनं दुर्बीण घालून काढतात, पोटाला छेद नाही, दोन-तीन महिन्यांत प्रयत्न करता येतो. ५, ६, ७ असती आणि त्रास नसता तर कुणी हात लावला नसता. ३ आणि ४ मध्येच डॉक्टरांचं एकमत होत नाही. गाठ काढल्यानं दिवस राहण्याची शक्यता नक्की वाढते असं छातीठोक सांगणारा पुरावा तिथं नाही. पुण्याचे सर त्या अर्थानं चुकीचं बोलले नाहीत.

पण त्यांनी तुमचं हिमोग्लोबिन बघितलं का? ७.४ वर गरोदर राहणं म्हणजे मोकळ्या टाकीवर पंप चालवणं. गाठ बाळाच्या आड येते की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी ती तुमचं रक्त पितेय, हे शेंबडं पोर सांगेल. आधी शिरेतून लोह घ्या. गोळ्यांनी एवढी तूट भरायला महिने जातात आणि दर पाळीला पुन्हा गळती. माझ्या मते तुमच्या बाबतीत काढण्याच्या बाजूनं पारडं रक्तामुळे झुकतं, बाळामुळे नाही.

आणि एक विचारते, राग मानू नका. साहेबांचा रिपोर्ट केला का? वीर्य तपासणी काही शे रुपयांत होते. माझ्यासमोर बायकांची पोटं उघडली गेली आणि महिन्याभरानं कळलं की दोष नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये होता. तुमच्या पूर्ण पत्रात तुमचे सेंटिमीटरसुद्धा आहेत, त्यांचा एक आकडा नाही.

औषधांचं थोडक्यात. महिन्याला एक ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देतात, पाळी थांबते, गाठ आक्रसते, रक्त भरून निघतं. ऑपरेशनच्या आधी दोन-तीन महिने म्हणून ठीक. बंद केलं की गाठ पुन्हा फुगते, आणि चालू असेपर्यंत दिवस राहत नाहीत. मिफेप्रिस्टोनच्या गोळीचंही तसंच. युलिप्रिस्टल या गोळीचा मध्ये बराच बोलबाला होता, पण काही जणींच्या यकृताला गंभीर इजा झाली, युरोपात २०२० नंतर त्यावर कडक बंधनं आली. कांचनार गुग्गुळानं ६ सेंमीची गाठ गेलेली मी २७ वर्षांत पाहिली नाही. सासूबाईंना दुखवू नका, पण ऑपरेशनच्या आधी भूलवाल्या डॉक्टरांना त्याचं नाव सांगा.

दुर्बिणीतून करणार असाल तर आत टाके किती थरांत घालणार ते विचारा. दुर्बिणीतून गाठ काढणं सोपं, भिंत नीट शिवणं अवघड. करंट भारंभार वापरून जाळत सुटलेली भिंत कच्ची भरते, पुढं पोटात बाळ वाढलं की ताण तिथंच येतो. आणि गाठ आत मशिननं बारीक करून काढतात ती पिशवीत घालून करता का, हेही विचारा. क्वचित गाठीत कॅन्सर लपलेला असतो, तो पोटभर पसरू नये म्हणून. अमेरिकेत २०१४ ला यावरून मोठा इशारा निघाला होता.

---

खानदेशी_लेक

तुमचं ‘विचारलं की अडाणी ठरू’ वाचलं आणि लिहायला बसले. मी न विचारल्यामुळे सातव्या महिन्यात काय झालं ते सांगते.

वय तेव्हा ३१, नाशिकला राहते. गाठ ९ सेंमी, मागच्या भिंतीत वरच्या बाजूला, शिवाय तीन छोट्या. पोट उघडून मायोमेक्टॉमी केली, म्हणजे गर्भाशय ठेवून नुसत्या गाठी काढल्या, सिझरला देतात तसाच आडवा छेद. दुर्बिणीतून होईल का म्हणून मी विचारलं होतं. सर म्हणाले, “मला हातानं चाचपून काढायच्यात, बारक्या सुटायला नकोत.” पटलं. दोन बाटल्या रक्त लागलं. ऑपरेशन चालू असताना नर्सनं ट्रेमध्ये गाठी ठेवून बाहेर नवऱ्याला दाखवायला नेल्या. तो बिचारा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. आजही घरी बटाटे निवडायला बसला की मोठा बटाटा उचलून माझ्याकडे बघतो.

तीन दिवस चालायला त्रास, सहा आठवडे जड उचलायचं नाही. पहिलीच पाळी चार दिवसांची आली तेव्हा मी कॅलेंडरवर गोल केला आणि रडले. सहा महिने थांबायला सांगितलं होतं, थांबलो. दहाव्या महिन्यात दिवस राहिले. वीसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार कुठं आहे ते मुद्दाम बघितलं. जुन्या टाक्यांच्या जागी वार घट्ट रुतून बसण्याची भीती असते म्हणे. माझी पुढच्या भिंतीला, टाके मागे. सुटले.

सातव्यात ओटी भरून माहेरी गेले, अमळनेरजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्याकडे त्यावर चर्चा होत नाही. आईनं जळगावच्या मॅडमकडे नाव घातलं. त्यांनी डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर काय होतं? ‘मायोमेक्टॉमी केली. प्रकृती उत्तम. टाके सातव्या दिवशी.’ एवढंच!

मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, “पोकळी उघडली होती का?” मी म्हटलं कसली पोकळी? “गाठ काढताना गर्भाशयाच्या आतल्या अस्तरापर्यंत छेद गेला होता का? भिंतीची जाडी किती कापली? एका छेदातून चारही काढल्या की चार ठिकाणी कापलं?” मला काहीच माहीत नव्हतं. माझ्याच पोटातलं, आणि मला माहीत नाही.

त्या म्हणाल्या, “गाठ बाहेरच्या बाजूची, वरवरून काढलेली असेल तर मी कळा येऊ देण्याचा विचार करीन. भिंत पूर्ण जाडीची कापली असेल तर कळांची वाटसुद्धा बघणार नाही. कळांच्या ताणानं जुना टाका उसवू शकतो. शंभरात एकीलाही होत नाही, पण जिला होतं तिला वेळ मिळत नाही.” आणि हे कळांच्या आधीही होऊ शकतं. पोटात एकदम वेगळं, न थांबणारं दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर घरी हळदीचं दूध पीत बसू नका, असं त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं. आईला तो हळदीच्या दुधाचा टोला अजून लागलेला आहे.

मग ऑपरेशनचा कागद मिळवायचा उद्योग. नवरा नाशिकच्या दवाखान्यात गेला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, जुन्या फाइली गोडाऊनला गेल्यात, सोमवारी या. सोमवारी साहेब सुट्टीवर. तिसऱ्या खेपेला त्यानं डबा घेऊनच ठाण मांडलं, संध्याकाळी एक झेरॉक्स मिळाली. सरांच्याच अक्षरातली, हाताची. मॅडमनी ती खिडकीशी नेऊन वाचली. पोकळी उघडली होती. अस्तर वेगळं शिवलं, त्यावर भिंत दोन थरांत.

त्या एका ओळीनं सगळं बदललं. तारीख ३७ आठवड्यांची ठरली. आणि मॅडम म्हणाल्या, चौतिसाव्या आठवड्यापासून गावात राहायचं नाही, रक्तपेढी जवळ हवी. म्हणून मी माहेर सोडून जळगावला मामाकडे राहायला गेले. माझं अर्धं माहेरपण मामीच्या हातचं झालं. शेवभाजी मामीच आईपेक्षा चांगली करते, हे आईला सांगू नका.

सिझरला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण मागच्या ऑपरेशननं आतडं गर्भाशयाला चिकटलं होतं, ते सोडवत जावं लागलं. दोन नव्या छोट्या गाठी दिसल्या, त्यांना मॅडमनी हात लावला नाही. मुलगी २ किलो ७०० ग्रॅम, आता बालवाडीत जाते. त्यातली एक गाठ आज ३ सेंमी आहे. गाठी काढल्या म्हणजे विषय संपला असं नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्यानंतर दुसरं हवं असेल तर फार वर्षं मध्ये घालवू नका, एवढा त्यातून मी धडा घेतला, आणि घालवलीच.

---

लेस्टरकर

तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांनी मोबाइलकडे बघत जे टाळलं ते मी सांगते. मी एम्बोलायझेशन करून आई झाले आहे. तरीही तुम्हाला ते सुचवणार नाही.

माझी गोष्ट वेगळी होती. पुण्यात २९ व्या वर्षी पोट उघडून सात गाठी काढल्या. लग्नानंतर इकडे इंग्लंडला, लेस्टरला आले, ३६ व्या वर्षी पुन्हा अकरा, मोठी ८ सेंमी. इथल्या डॉक्टर म्हणाल्या, आत सगळं चिकटलेलं असणार, दुसऱ्यांदा कापताना रक्त आवरलं नाही तर गर्भाशय काढावं लागण्याचा धोका आहे. अशा बाईसाठी एम्बोलायझेशनचा विचार करतात. तुमच्यासारख्या पहिल्यांदाच गाठ निघालेल्या, मूल हवं असलेल्या बाईला सहसा पहिला पर्याय म्हणून ते देत नाहीत.

मुळात ही युक्ती निघाली पॅरिसमध्ये. रावीना नावाच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून गर्भाशयाच्या धमन्या बंद करायला सुरुवात केली, आणि काही बायकांना इतकं बरं वाटलं की त्या ऑपरेशनला आल्याच नाहीत. १९९५ साली त्यांनी हे छापलं. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत घालतात आणि साबुदाण्याहून कितीतरी बारीक कण सोडतात. गाठीचा रक्तपुरवठा तुटतो, गाठ मरते. गर्भाशयाला इतर वाटांनी रक्त मिळत राहतं. पण काही कण अंडाशयाकडेही जाऊ शकतात, म्हणून वय जास्त असेल तर पाळी कायमची जाण्याची शक्यता असते. हे सगळं त्यांनी संमतीपत्रावर लिहून, मोठ्यानं वाचून माझी सही घेतली. ‘होतात की’ असं कुणी म्हणालं नाही.

टाका नाही हे खरं. दुखत नाही असं समजू नका. मरणारी गाठ पहिली रात्र काय दुखते! मॉर्फिनचा पंप हातात दिला होता, बटण दाबायचं. आठवडाभर कणकण, चार महिने पिवळट स्राव, आणि एकदा बाथरूममध्ये गाठीचा तुकडाच बाहेर पडला. शेजारच्या गुजराती काकूंना हाक मारली, त्यांनी बघून शांतपणे “डबीमां मूक”, म्हणजे डबीत ठेव, म्हटलं आणि गाडी काढली.

सहा महिन्यांनी एमआरआय केला, मोठी ८ ची ५ झालेली. पाळी सुधारली. ३८ व्या वर्षी दिवस राहिले, नवव्या आठवड्यात गेले. एम्बोलायझेशनमुळे, वयामुळे की नुसतंच, कुणी सांगू शकत नाही, आणि मी तीन वर्षं तेच विचारत बसले. ३९ व्या वर्षी पुन्हा राहिले. बाळाची वाढ बघायला सतत सोनोग्राफी, वार रुतलीय का म्हणून वेगळी. सदतिसाव्या आठवड्यात सिझर, दीड लिटरच्या वर रक्त गेलं. मुलगा २ किलो ४०० ग्रॅम. आता मला मराठी शिकवू नको म्हणतो.

आकडे हवेत म्हणून दोन देते. चेक डॉक्टरांनी २००८ साली एक अभ्यास छापला. मूल हवं असलेल्या १२१ बायका, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून निम्म्यांवर मायोमेक्टॉमी, निम्म्यांवर एम्बोलायझेशन. मायोमेक्टॉमीनंतर ३३ गर्भधारणा, त्यात ६ गर्भपात. एम्बोलायझेशननंतर १७, त्यात ९ गर्भपात. बायका थोड्या, तेव्हा हे दगडावरची रेघ समजू नका, पण कल कळतो. नंतर २०२० मध्ये इथल्याच २५४ बायकांचा फेम नावाचा अभ्यास आला. दोन वर्षांनी मायोमेक्टॉमीवाल्यांचं रोजचं जगणं काहीसं जास्त सुधारलं होतं, आणि बाळंतपणांबद्दल ठाम बोलावं इतक्या गरोदर त्यात झाल्याच नाहीत. कुणी ‘दोन्ही सारखंच’ म्हणालं तर विचारा, कशाच्या आधारावर.

एमआरआयच्या यंत्रात झोपवून ध्वनिलहरींनी गाठ भाजतात तेही तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्यानंतर बाळं झालेली आहेत, पण मोजकी. मूल हा मुख्य हेतू असेल तर मी थांबले असते.

---

कोरेगावची_बाई

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत! रात्री ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ओटी सिस्टरांचा परिच्छेद आला तेव्हा मी आवाज बारीक केला, तर हेच म्हणाले, “परत वाच.” दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी जाऊन तपासणी करून आले. रिपोर्ट चांगला आहे. चार वर्षांत कुणी सांगितलं नाही की हे आधी करतात. माझ्याही मनात आलं नाही, हे जास्त लागलं.

खानदेशी ताई, तुमचा ‘माझ्याच पोटातलं, आणि मला माहीत नाही’ हा शब्द डोक्यातून जात नाही. टाचणवहीच्या मागच्या पानावर सगळ्यांचे प्रश्न उतरवून घेतले आणि साताऱ्याच्या मॅडमकडे परत गेले. या वेळी विचारलं. टाइप ३ असताना पोकळी उघडेल का? म्हणाल्या, अस्तराला टेकलेली आहे, उघडायला नको असाच प्रयत्न करीन, पण उघडू शकते, उघडली तर वेगळी शिवीन. किती थर? दोन, लागले तर तीन. पिशवीत घालून काढणार का? हो. मग त्यांनीच माझ्या टाचणवहीत गर्भाशय काढून दाखवलं. आमच्या दुसरीतली मुलं पेरू काढतात तसंच दिसत होतं, पण गाठ कुठं टेकलीय ते पहिल्यांदा कळलं. पुण्याच्या सरांचं मत सांगितलं, तेव्हा चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “हिमोग्लोबिन ११ असतं आणि पाळी चार दिवसांची असती तर मीही तेच म्हटलं असतं.”

लोहाची दोन सलाईन झाली, ७.४ चं ९.६ झालंय. जिने चढताना मध्ये थांबावं लागत नाही. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत. सासूबाई दवाखान्यात माझ्याजवळ राहणार आहेत. गुग्गुळ भूलवाल्या डॉक्टरांना दाखवायचाय म्हटल्यावर त्यांनी डबी स्वतःच पिशवीत भरली, वर म्हणाल्या, “दाखव दाखव, त्यांनाही उपयोग होईल.”

एकच राहिलं. ऑपरेशनचा कागद मागितला तर मॅडमना राग येईल का?

---

ओटी_सिस्टर_सोलापूर

ऑपरेशननंतर मागाल तर टाळाटाळ होईल. भरती होतानाच काउंटरवर लेखी अर्ज द्या, आणि मॅडमना राउंडला आल्यावर आठवण करा. तुमच्या पोटातला हिशेब आहे, मागायला लाजता काय. गाठीच्या तपासणीचा पॅथॉलॉजी रिपोर्टही घ्या, तो आठ-दहा दिवसांनी येतो आणि लोक न्यायला विसरतात.

---

खानदेशी_लेक

झेरॉक्स तीन काढा. एक तुमच्याजवळ, एक ह्यांच्या पाकिटात, एक माहेरी. कुठलं आहे माहेर?

---

कोरेगावची_बाई

जत. जवळची रक्तपेढी कुठं आहे ते आत्ताच भावाला विचारते.